दाराला ठेवलेली माया

ती. ताईस,

सप्रेम सलाम. तू, भावोजी आणि तुमचं ते भुंकण्यापेक्षा जास्त खोकणारं कुत्रं, तिघंही सुखरूप असाल अशी आशा करतो. भावोजींच्या गुडघ्याची चौकशी खरं तर सर्वांत आधी करायची होती, पण ती कुत्र्यानंतर आली याबद्दल त्यांनी राग मानू नये. हल्ली मला स्वतःचे सोडून दुसऱ्या कुणाचे गुडघे आठवतच नाहीत. मी इथे खुशाल आहे. (खुशाल हा शब्द सवयीने लिहिला गेला. खरी परिस्थिती पुढे कळेल.)

आधी तुझ्या प्रश्नाबद्दल. जीप सुरू झालेली, माझं एक पाऊल आत, एक बाहेर, आणि अशा अवस्थेत तू मला विचारलंस की दुकान बंद करून कायमचा माझ्याकडे राहायला येतोस की नाही, ते एकदाचं काय ते सांग. मागची खोली रंगवून तयार आहे, दुकानाचा मालक जागा मागतोय, आणि मी आता तुझ्या 'बघू' या शब्दाला कंटाळले, असंही म्हणालीस. वर माझ्या बॅगेत त्या खोलीच्या पडद्यांचं कापडही कोंबलंस, निळ्यावर पांढऱ्या फुलांचं, 'संध्याकाळी रिकामा बसू नकोस, हातानं शिवून आण' म्हणून. ज्याला कोंडायचं त्याच्याकडूनच पडदे शिवून घ्यायचे ही युक्ती तुलाच सुचू शकते. तर उत्तर मी या पत्राच्या शेवटी देणार आहे. मधूनच शेवटाकडे उडी मारू नकोस. रहस्यकथांची शेवटची पानं तू आधी वाचतेस हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

खरं सांगायचं तर मी देवाच्या हाकेला ओ देऊन या कामाला आलो असा मंडळीत सगळ्यांचा समज आहे. तुझ्या हाकेला ओ द्यावी लागू नये म्हणून आलो, हे फक्त देवाला आणि मला माहीत होतं. आता तुलाही कळलं. त्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले की डोंगरापलीकडे एक वस्ती आहे, तिथली मुलं धान्याच्या कोठारात पोत्यांवर बसून शिकतात, आपण त्यांना दोन खोल्यांची शाळा बांधायला मदत करायची आहे. तरी ज्यांच्या हातात कसब आहे त्यांनी उभं राहावं. कोण उभं राहिलं, ऐक. एक निवृत्त दातांचे डॉक्टर, बँकेतला कॅशियर, गायनमंडळातल्या दोघी जाड आवाजाच्या बहिणी आणि मी. सुतार बसून राहिला. रंगारी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. (त्याने चपला घातल्या होत्या.) पाळकसाहेबांनी आमच्याकडे पाहिलं ते अगदी गिऱ्हाईक माझ्या दुकानातल्या आरशात पाहतं तसं, म्हणजे दोष कापडाचा की अंगाचा हे न कळून. मग त्यांनी मला विचारलं, मास्तर, तुम्हाला बांधकामातलं काय येतं? माझ्या गळ्यात टेप तशीच राहिली होती. मी म्हणालो, माप. साऱ्या गडबडीचं मूळ हे एवढंच उत्तर आहे.

प्रवासाला मी माझा काळा सूट घातला. धर्मकार्याला निघालेला माणूस नीट दिसावा, शिवाय आपणच शिवलेला सूट आपणच नाही घातला तर कोण घालणार, असा माझा विचार. पण जीपचा रस्ता जिथे संपतो तिथून पुढे चढ आहे, आणि त्या चढाला दगड आहेत, आणि त्या दगडांना भावोजींकडून मागून आणलेल्या चाकांच्या बॅगेबद्दल काडीचा आदर नाही. पहिलं चाक ओढ्यात गेलं. दुसरं कुठे गेलं ते मी पाहिलं नाही, कारण तोवर माझ्या बुटाचा तळ सुटून आ वासून माझ्याकडे बघत होता. (बॅगेचं भावोजींना तू सांग. तुझं ऐकताना ते निदान बसलेले असतात.) दातांचे डॉक्टर माझ्याहून वयाने मोठे, पण हाफ चड्डी घालून तुरुतुरु पुढे. कॅशियर तर गाणं म्हणत चढत होता. मी दर वळणावर निसर्ग बघायला थांबत होतो. इतका निसर्ग मी आयुष्यात बघितला नव्हता.

वर पोचलो तर काय, साऱ्या वस्तीने येऊन मलाच घेरलं. एकाने माझी पांगळी बॅग खांद्यावर घेतली, एका आजीबाईंनी हात धुवायला गरम पाणी आणलं, बसायला एकच खुर्ची होती ती मला दिली. डॉक्टर जमिनीवर, कॅशियर जमिनीवर, पाळकसाहेब पालथ्या बादलीवर, आणि मी खुर्चीत. मुलं एका रांगेत उभी राहून मला न्याहाळत होती आणि माझी नजर वळली की ताठ होत होती. मला वाटलं, ही सुटाची किमया. थोडा वेळ तर असंही वाटलं की माझ्या चेहऱ्यातच काहीतरी असावं आणि आपल्या गावातल्या लोकांना ते आजवर दिसलं नसावं. मग तिथल्या शिक्षिका आल्या. या बाई एकट्याच सगळे वर्ग चालवतात, वयाने तुझ्यामाझ्याहून बऱ्याच लहान असतील, आवाज मात्र तुझ्यासारखा, म्हणजे पलीकडच्या डोंगरावर ऐकू जाणारा. त्यांनी हात जोडून विचारलं, "मास्तर, तुम्ही विषय कोणता घेता?"

मी म्हणालो, काजं-बटणं.

झालं होतं असं की पाळकसाहेबांनी निरोप धाडताना 'सोबत आमचे मास्तरही येत आहेत' असं कळवलं होतं. वस्तीने दुसऱ्या शिक्षकासाठी किती वर्षं अर्ज केले होते कुणास ठाऊक. त्यांना वाटलं, आला एकदाचा. शिंप्यालाही मास्तर म्हणतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. खुलासा झाल्यावर सगळे खूप हसले, बाईसुद्धा हसल्या, पण त्यांचं हसू सगळ्यांच्या आधी संपलं, आणि मला खुर्चीत बसवेना. मी उठलो आणि दुसऱ्या बादलीवर बसलो. ती पालथी नव्हती.

आता कामाकडे येतो. कामाचा मुख्य गवंडी त्याच भागातला, लंबाकृती, मोजकं बोलणारा. त्याच्या हातात सदानकदा ओळंबा असायचा (दोरीला वजन बांधलेलं असतं ना ते, भिंत सरळ आहे का बघायला लोंबकळत सोडतात), म्हणून आम्ही त्याचंच नाव ओळंबा ठेवलं. ओळंब्याने पहिल्या दिवशी आम्हा पाचही जणांचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि सरळ घमेली वाटली. वाळूचं भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन चालताना मान ताठ ठेवायची असते. मी जन्मभर मान खाली घालून शिवलेलं, त्यामुळे माझं घमेलं दर खेपेला नमस्कार करायचं आणि वाळू साहेबांसोबत आलेल्या पाळकीणबाईंच्या पायांवर. त्या बिचाऱ्या प्रत्येक वेळी 'असू दे, असू दे' म्हणायच्या. नंतर त्या मला बघून नुसत्याच बाजूला व्हायला लागल्या.

पाळकसाहेबांचा प्रश्न वेगळा होता. त्यांचा नियम असा की कुठल्याही कामाआधी प्रार्थना. आता तू त्यांची प्रार्थना ऐकलेली आहेस. आजारी, प्रवासी, अनाथ, राज्यकर्ते, पीकपाणी, सगळं घेऊन ती आपल्या दाराशी येते तोवर माझ्यासारख्याची एक डुलकी होते. इकडे ओळंब्याने वाळू-सिमेंट एक करून पाणी ओतलेलं, माल कालवून तयार, आणि साहेब म्हणत, आपण डोळे मिटू या. कालवलेला माल कुणासाठी थांबत नाही, ताई. आमेन म्हणून डोळे उघडावेत तर घमेल्यात दगड. असं दोनदा झालं, तीनदा झालं. ओळंबा टोपी काढून भक्तिभावाने उभा राहायचा, पण एक डोळा सिमेंटवर. शेवटी त्याने नम्रपणे विनंती केली की साहेब, प्रार्थना आधी उरकू, पाणी मग टाकतो. साहेब मोठ्या मनाने हो म्हणाले. त्या दिवशी आधी प्रार्थना झाली, मग माल कालवला, आणि मग साहेबांना माल चांगला कालवला गेल्याबद्दल आभार मानावेसे वाटले. सिमेंट वेळेआधी संपलं त्यात या सगळ्या भक्तीचा वाटा मोठा आहे. आणि सिमेंट संपणं ही गोष्ट पुढे माझ्या मुळावर आली.

जमिनीचंही सांगून टाकतो, नाहीतर डॉक्टर आधी सांगतील. पहिल्या खोलीत कोबा घालून झाला होता, छान गुळगुळीत. मी दमून आत टेकलो. टेकल्यावर गार वाटलं. फारच गार वाटलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोघा जणांनी मला उचललं, पण जे उमटायचं ते उमटलं होतं, अगदी स्पष्ट, सुटाच्या मागच्या शिवणीसकट. ओळंबा थापी घेऊन आला, वाकला, बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला की बुजवायला माल नाही, राहू दे. तर माझी बैठक त्या शाळेत कायमची झालेली आहे. मुलं आता तिथे आळीपाळीने बसतात आणि कोण किती मावतो ते बघतात. अजून एकालाही ती पूर्ण भरता आलेली नाही.

इतक्यात सिमेंट इतकं खाली आलं की समोरची भिंत जेमतेम व्हावी. म्हणून ओळंबा स्वतः खाली गेला, सिमेंटची सोय बघायला आणि सुताराकडून दाराची चौकट आणायला. मागे आपला मेव्हणा ठेवला. हा मेव्हणा गवंडीकामात तरबेज, पण सांगितल्यापलीकडे वीट हलवणार नाही असा माणूस. जाताना ओळंब्याने दाराची रुंदी-उंची कागदावर लिहून माझ्या हातात दिली, मापाचा माणूस म्हणून, आणि म्हणाला, एवढी जागा सोडा.

ताई, मी तो कागद हातात घेतला आणि मला किती दिवसांनी बरं वाटलं म्हणून सांगू. घमेलं जमलं नाही, बसणं जमलं नाही, पण माप! ते तर माझंच. मी टेप काढली, कानामागचा खडू काढला, आणि भिंतीच्या जागेवर खुणा करायला वाकलो. वाकल्यावर हाताने जे केलं ते मी केलं नाही, हाताने केलं. लिहिलेल्या मापाच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं पुढे सरकून खूण केली. माया ठेवली.

तुला हे वेगळं सांगायला नको. आईच्या मशीनशेजारी बसून आपण दोघंही हेच ऐकत वाढलो की अंगाचं माप घ्यावं तेवढंच कापड कापू नये, शिवणीत माया ठेवावी. अंग भरलं, मूल वाढलं, तर उसवून मोकळं करता येतं. मेव्हणा खुणा बघून म्हणाला, "मास्तर, नक्की ना? जास्त वाटतंय." मी टेप गळ्यात टाकून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो सरळ विटा रचायला लागला. वरची आडवी तुळई नशिबाने लांब निघाली आणि दोन्हीकडे बेताने टेकली, नाहीतर तिथेच पितळ उघडं पडलं असतं. भिंत उभी राहिली. डॉक्टरांनी विटांमधल्या सांध्यांमध्ये माल भरला, दाढ भरावी तितक्या निगुतीने. आम्ही सगळे मागे जाऊन बघत उभे राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (सिमेंटही गेलं होतं, पण पाणी त्याच्या आधीचं.)

मग ओळंबा चौकट घेऊन आला. चार माणसांनी ती वर आणलेली. सिमेंट मात्र आलं नाही, ते पुढच्या आठवड्यावर गेलं. चौकट उचलून भिंतीतल्या जागेत धरली. बापाचा कोट घातलेलं पोर असतं ना, तशी ती चौकट त्या जागेत उभी होती. डावीकडे टेकवली की उजवीकडून कॅशियरचा अख्खा हात आरपार जायचा. (त्याने हौसेने दोनदा घालून पाहिला.) ओळंब्याने आपला ओळंबा सोडून भिंत तपासली आणि म्हणाला, भिंत सरळ आहे. मग माझ्याकडे बघायला लागला. मी मायेचं सांगितलं. आईपासून सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मास्तर, भिंत वाढते का? की दार बाळसं धरणार आहे?"

हसता हसता दोघी बहिणी विटांच्या ढिगावर बसल्या. मीही हसलो, पण ताई, मला फार लागलं. घमेलं सांडलं तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, ते माझं कामच नव्हतं. हे माझं होतं. तुझी भावजय गेल्यापासून आणि बाजारात ते तयार कपड्यांचं मोठं दुकान झाल्यापासून माझ्याकडे कोण येतं? पँट आखूड करा, कंबर आवळा, चेन बदला. जो येतो तो कमी करायला येतो. अगदीच एखादा येतो कपडा मोठा करून मागायला, आणि मी उसवून आत बघतो तर बोटभरही कापड नाही. तयार कपड्यात माया ठेवत नाहीत. त्याला परत पाठवताना मला दर वेळी वाटतं की आता तुझं ऐकावं, दुकान बंद करावं आणि मागच्या खोलीत जाऊन बसावं. त्या दिवशी चौकटीसमोर उभं राहून मी तुझ्या प्रश्नाला मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं. हे तुला कळावं म्हणून लिहितो.

पण दुसऱ्या दिवशी शाळा सुरू करायची ठरलेली. दार नाही, आणि उघड्या जागेतून वस्तीतल्या शेळ्या आपलीच शाळा असल्यासारख्या आत. एकीने खडू चाटले. दुसरीने पाळकसाहेबांची पिशवी हुंगली आणि उद्घाटनासाठी त्यांनी खास लिहून आणलेली प्रार्थना, सगळे कागद, शेवटच्या आमेनपर्यंत खाऊन टाकली. बाई फळ्यापाशी उभ्या राहून शेळ्या हाकलत होत्या.  मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी माझी पेटी काढली. सुई, दोरा, अंगुस्ताना, मोठी कात्री. एक कापड घेतलं. (कुठलं, ते आत्ता विचारू नकोस.) त्या दाराच्या जागेतच उंबऱ्यावर बसलो आणि मुद्दाम केलेल्या चुकीचं माप घेतलं. म्हणजे चूक मुद्दाम नव्हती, माप मुद्दाम घेतलं. पडदा शिवला. घट्ट टाके, वर बांबू जाईल अशी पट्टी, खाली शेळीला डोकं घालता येऊ नये म्हणून पट्टीत वाळू भरली. ही वाळूची कल्पना माझी, आणि या सबंध मोहिमेत मी डोक्यावरून नेऊन न सांडलेली वाळू तेवढीच. पडदा टांगला तेव्हा कुठे इकडे-तिकडे झाला नाही. ओळंब्याने येऊन वरपासून खालपर्यंत बघितलं, दोरी काढली, पडद्याशेजारी ओळंबा सोडला, आणि परत गुंडाळून खिशात टाकला.  त्याच्या न बोलण्यातला फरक मला आता कळायला लागला आहे.

उद्घाटन छान झालं. कागद शेळीच्या पोटात असल्यामुळे पाळकसाहेबांची प्रार्थना एका दमात संपली: देवा, ही शाळा तुझी आणि या मुलांची, आमेन. सगळ्यांत मोठ्याने आमेन कोण म्हणालं असेल? ओळंबा. पाळकसाहेब स्वतःच थोडे चकित झाले, पण मला वाटतं त्यांनाही ती प्रार्थना आवडली. मग मुलं पडद्यातून आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. दार असतं तर एकदाच गेली असती.

त्यानंतर मला उसंत नाही. पडदा पाहून एक बाई फाटलेला कोट घेऊन आली, दुसरी उसवलेली चादर, आणि एका आजोबांनी तर अंगातला सदरा काढूनच दिला आणि तो शिवून होईपर्यंत उघडेच समोर बसून राहिले. मग पाळकीणबाईंनी आपल्या महिला मंडळाने दिलेला गणवेशाच्या कापडाचा तागा उघडला. तो शहरात शिवायला टाकायचा बेत होता, सरसकट लहान-मध्यम-मोठा अशा मापांत. मला राहवलं नाही. मी म्हणालो, मुलं समोर उभी आहेत, अंदाजाने कशाला? आणि एकेकाचं माप घ्यायला लागलो. काय सांगू तुला! टेप लावली की श्वास रोखतात. उंची घेताना टाचा उचलतात. एक चिमुरडी तर छातीचं माप देताना इतकी फुगली की मला वाट बघत बसावं लागलं. मी हातशिलाईने पहिला झगा शिवला आणि खाली चार बोटं माया ठेवून आत दुमडली. ओळंबा बाजूला चहा पीत बघत होता. तो म्हणाला, "इथं ठेवा की मास्तर. हे वाढणारं आहे."

मला इतका आनंद झाला की सुई बोटात गेली. अंगुस्ताना दुसऱ्या बोटात होता.

मग शिक्षिकाबाईंनी झगा उलटा करून ती दुमड पाहिली आणि त्यांच्या त्या आवाजात विचारलं, "पण पुढच्या वर्षी ही उसवून देणार कोण?" मी म्हणालो, बघू. तू ज्या शब्दाला कंटाळली आहेस तोच. त्याही काही पहिल्यांदा ऐकत नसाव्यात, कारण त्यांनी माझ्याकडे अगदी तुझ्यासारखं पाहिलं.

असो. कागद संपत आला. पाळकसाहेब आणि मंडळी उद्या निघतील, हे पत्र त्यांच्याच हाती देतो. शेवटी उत्तर देईन म्हणालो होतो, आणि शेवट तर आला, पण खाली जागा उरली नाही. तेव्हा आता इतकंच की दोघांना सलाम, कुत्र्याला औषध वेळेवर द्यावं, आणि माझ्या पाठीची काळजी करू नये, ती आता जवळजवळ वाकते.

तुझा धाकटा,
मास्तर (काजं-बटणं)

ता. क. कॅशियरकडून अजून एक कागद मिळाला. तोच पत्र घेऊन येईल तेव्हा त्याच्या हाती आईचं हातमशीन दे, तो ते जीपवर चढवून देईल. तुझ्या दिवाणखान्यात ज्याच्यावर फुलदाणी आणि भावोजींची वर्तमानपत्रं ठेवतेस, तेच. फुलदाणी खाली ठेवावी लागेल, इलाज नाही. पाय-मशीन या चढावर यायचं नाही, हाताचं येईल. तेलाची बाटली खणात डावीकडे असते. जीपवाला रस्ता संपेपर्यंत आणेल आणि तिथून वर ओळंबा स्वतः खांद्यावर आणतो म्हणाला आहे. (माझ्यावर सोपवायला तो तयार नाही.)

आणखी एक ता. क. दुकानाच्या मालकाला सांग, जागा घे. बघ, निम्मं तुझं ऐकलं. शिवाय आलेल्या सिमेंटने ओळंब्याने चौकट बसवायला घेतली तेव्हा बाई म्हणाल्या की दार बसवा, पण पडदा काढू नका. शाळेचं वर्ष संपेपर्यंत मी इथे राहतो. शाळा सुटल्यावर मोठ्या मुलामुलींना तासभर शिवण शिकवायची असं ठरलं आहे. म्हणजे वस्तीने माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती त्यात त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

शेवटचा ता. क. पडद्याचं कापड. आत्तापर्यंत तू ओळखलंच असशील. निळ्यावर पांढरी फुलं, तेच. तू नेहमीप्रमाणे लागतं त्याहून जास्त घेतलं होतंस, म्हणून त्या एवढ्या मोठ्या जागेला पुरलं. मोजून घेतलं असतंस तर शेळ्या आत आल्या असत्या. रागाव, पण एक कर. ती मागची खोली कुणाला देऊ नकोस आणि तिच्यात सामानही भरू नकोस. भिंत वाढत नाही हे मला आता पटलं आहे, पण मी म्हातारा होणारच आहे. तेव्हा तेवढी आत दुमडून ठेव. लागली की मी येऊन उसवून घेईन.